मामांचा बेसबॉल-संन्यास

आमच्या मामांनी बेसबॉल कायमचा सोडला आहे. ही बातमी तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असाल तर हळहळाल. आम्हा घरच्यांना तिची सवय आहे. मामा बॉस्टनच्या रेड सॉक्सचे चाहते. टीमने त्यांचा एखादा लाडका खेळाडू दुसरीकडे पाठवला की मामा बेसबॉल सोडतात. आणि लाडके खेळाडू दुसऱ्याच्या पदरात घालण्यात ही टीम शंभर वर्षांपासून पटाईत असल्यामुळे मामांना संन्यासाला निमित्त कधी कमी पडलेलं नाही.

विधी ठरलेला आहे. बातमी आली की मामा आधी टीव्ही बंद करतात, चष्मा काढून पुसतात आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन जाहीर करतात, "संपलं. आजपासून संपलं." मामी वर न बघता म्हणते, "बरं. आमटी वाढू?" हे दुःख आमटीने भरून येण्यातलं नाही, असा चेहरा करून मामा दोन वाट्या आमटी घेतात. मग त्या खेळाडूच्या नंबरचा शर्ट बेसमेंटमधल्या पत्र्याच्या ट्रंकेत जातो, डांबराच्या गोळ्यांसकट. फ्रिजवरचं सामन्यांचं वेळापत्रक खाली उतरतं, पण फाडलं जात नाही. ते घडी घालून मिक्सरच्या मागे ठेवायचं. "पाठ कोरी आहे, सामानाची यादी करायला होईल," हे कारण. त्या पाठीवर आजवर कोणी कोथिंबीरसुद्धा लिहिलेली नाही.

यानंतर बाहेर येते ती वही. सांगलीहून आणलेली, लाल कापडी बांधणीची, व्यापारी वापरतात तसली लांबट खातेवही. तिच्यात मामा रोज सकाळी कालच्या सामन्याचा एकच आकडा उतरवतात. किती धावा झाल्या हा नव्हे. किती प्रेक्षक आले हा. बेसबॉलच्या रोजच्या धावफलकाखाली तो छापलेलाच असतो. "लोक काही दूधखुळे नाहीत," मामा पेनाचं टोपण लावत म्हणतात. "माणूस विकलाय ह्यांनी. महिन्याभरात स्टेडियम ओस पडतं की नाही बघ." जे सोडलं त्याची इतकी बारीक नोंद ठेवणारा संन्यासी मी दुसरा पाहिला नाही.

मामा अमेरिकेत आले 1986 च्या शरद ऋतूत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने जेवायला बोलावलं आणि समोर वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना लागला होता. न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध बॉस्टन अगदी जिंकायला टेकलेलं, आणि एक साधा घरंगळत आलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांतून निघून गेला. मामांना नियम माहीत नव्हते. पण पाच-सहा धिप्पाड माणसं सोफ्यावर डोकं धरून बसलेली त्यांनी पाहिली आणि हीच आपली माणसं, हे त्यांनी त्या रात्री ठरवलं. हरणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसायची आमच्या आजोळी खोडच आहे. निवडणुकीतही ते तेच करतात.

त्या सोफ्यावरच त्यांना बेब रूथची कथा कळली. ती आता मामा अशी सांगतात की जणू सौदा ह्यांच्या ओसरीवर झाला होता. "1918 ला आपण चॅम्पियन. आणि हा फ्रेझी, आपला मालक, नाटकांचा धंदा करणारा माणूस! 1919 च्या डिसेंबरात रूथला यांकीजना विकून बसला. एक लाख डॉलर. वर कर्ज घेतलं, त्याला तारण काय ठेवलं? फेनवे पार्क! घरचा पोरगा विकला आणि घरही गहाण टाकलं!" इथे मामा थांबतात आणि ऐकणाऱ्याने 'अरेरे' म्हणायची वाट बघतात. कोणी म्हटलं नाही तर स्वतःच म्हणतात. मग आकडे सुरू होतात. 1919 साली यांकीजकडे मोसमभरात सहा लाख एकोणीस हजार प्रेक्षक आले होते. रूथ आल्यावर 1920 मध्ये बारा लाख एकोणनव्वद हजार. दुपटीहून जास्त. मोसमात दहा लाखांचा आकडा त्याआधी कोणत्याच टीमने ओलांडलेला नव्हता, आणि तेव्हा यांकीजना स्वतःचं मैदानही नव्हतं. दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू होते. पुढे 1923 मध्ये त्यांनी स्टेडियम बांधलं ते ह्याच गर्दीच्या जोरावर. बॉस्टन मात्र नंतर कित्येक मोसम तळाला आणि पुढचं विजेतेपद थेट 2004 ला. "माणूस गेला की माणसं जातात," हा मामांचा सिद्धांत, आणि त्याला हा रूथचा दाखला.

अडचण एवढीच की तो सिद्धांत मामांनी स्वतः तपासायला घेतला, 2004 मध्ये.

त्यांचा पहिला मोठा संन्यास तो. शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा म्हणजे मामांच्या गळ्यातला ताईत. फलंदाजीला उभा राहिला की प्रत्येक चेंडूआधी नोमार दोन्ही हातमोज्यांचे पट्टे ओढून ओढून घट्ट करायचा आणि दोन्ही पायांची बोटं जमिनीवर आळीपाळीने टकटक आपटायचा. मामांनी ती लकब जशीच्या तशी उचलली. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावण्याआधी मामा घड्याळाचा पट्टा ओढायचे, मग सदऱ्याची बाही, मग पुन्हा पट्टा, आणि फरशीवर अंगठे टकटक. मामीला बरीच वर्षं वाटत होतं की हा मज्जातंतूंचा काहीतरी आजार आहे. तिने डॉक्टरांनाही विचारलं होतं. डॉक्टर बॉस्टनचेच, त्यांनी हसून ह्याला औषध नाही म्हणून सांगितलं.

31 जुलै 2004 ला चार टीमांच्या अदलाबदलीत नोमार शिकागो कब्सला गेला. बदल्यात आले ऑर्लँडो काब्रेरा आणि डग मिन्टकेविच नावाचे दोन गृहस्थ. सौदा करणारा जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइन तेव्हा जेमतेम तीस वर्षांचा. "तीस वर्षांच्या पोराने नोमारला विकलं," मामा म्हणाले, "तीस वर्षांचा असताना मला ऑफिसात स्टेपलर घ्यायला सही लागायची." संपलं, आजपासून संपलं झालं. ऑफिसातल्या तिघांबरोबर वर्षाच्या तिकिटांत त्यांची भागी होती. आपल्या वाटची ऑगस्टची तिकिटं त्यांनी शेजाऱ्याला फुकट देऊन टाकली. वही उघडली. आणि रोज सकाळी एकच आकडा येऊ लागला: फुल्ल. काल फुल्ल, परवा फुल्ल. एकट्या मामांच्या न जाण्याने काहीच फरक पडला नव्हता. शिवाय त्यांच्या खुर्चीत शेजारी बसत होता, तो वेगळाच.

इथेच मामांना व्यवसायातली एक बारीक गोम कळली आणि ते दोन दिवस बोलले नाहीत. छापून येतो तो प्रेक्षकांचा आकडा म्हणजे विकलेल्या तिकिटांचा आकडा. खुर्चीत कोणी बसलंय की नाही, ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे मामा घरी बसून बहिष्कार टाकत होते आणि हिशोबात रोज हजर लागत होते.

पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे. ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध शून्य-तीन असे मागे पडून बॉस्टनने सलग चार सामने जिंकले आणि मग सेंट लुईसला चारही सामन्यांत लोळवलं. 86 वर्षांनी विजेतेपद. शेवटच्या आउटचा चेंडू पहिल्या बेसवर ज्याच्या हातात आला तो म्हणजे नोमारच्या बदल्यात आलेला मिन्टकेविच. त्याने तो चेंडू स्वतःकडेच ठेवला आणि टीमने मागितल्यावर त्यावरून कित्येक महिने वाद झाला. मामांचा संन्यास त्याआधीच, कधीतरी सप्टेंबरात सुटला होता. नेमका कधी ते कोणाला कळलं नाही, कारण सोडण्याची घोषणा होते, परतण्याची होत नाही. वेळापत्रक एका सकाळी फ्रिजवर दिसतं, एवढंच. विजयाच्या मिरवणुकीत मामा गर्दीत उभे होते आणि अंगात पाच नंबरचा, नोमारचा शर्ट. "त्याने त्याग केला म्हणून आपण जिंकलो," असं ते नंतर सांगू लागले. नोमारला कोणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट त्यांनी त्यागाच्या आड येऊ दिली नाही. शेजारी मात्र आजही म्हणतो की मामांच्या खुर्चीत तो बसला म्हणून जिंकलो, आणि तेव्हापासून दोघांत किंचित ताण आहे.

ती खुर्चीही सांगितली पाहिजे. फेनवे पार्क 1912 चं. छपराखालच्या भागात अजून लाकडी, अरुंद खुर्च्या आहेत आणि छप्पर तोलणारे लोखंडी खांब आहेत. मामांची जागा एका खांबामागे. डावीकडे झुकलं तर पिचर दिसतो, उजवीकडे झुकलं तर फलंदाज. दोघं एकदम दिसत नाहीत. त्यामुळे मामा सबंध सामना लंबकासारखे हलत असतात आणि ओळीतली माणसं त्यांच्या तालावर हलतात. चांगली जागा घ्या म्हटलं की म्हणतात, "खांब आहे म्हणून स्वस्त आहे. आणि खांबाला कोणी ट्रेड करत नाही." खिशात कागदात बांधलेला चिवडा. आठव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून एक ठरलेलं गाणं म्हणतं, तेव्हा मामा शब्द न येता नुसता ठेका धरतात, आणि ठेका भजनाचा असतो.

2008 मध्ये मॅनी रमिरेझ गेला, तो संन्यास पंधरवड्यात आटोपला. मॅनीने स्वतःच इतका वैताग दिला होता की मामांना रागवायला मजा आली नाही. फेनवे तेव्हाही फुल्लच. मे 2003 पासून एप्रिल 2013 पर्यंत, प्लेऑफ धरून, सलग 820 सामने 'हाउसफुल्ल' अशी टीमची नोंद आहे. नोमार, मॅनी, नंतर 2012 च्या ऑगस्टमध्ये एकदम लॉस एंजेलिसला पाठवलेले तीन महागडे खेळाडू, सगळे ह्याच काळात गेले आणि साखळी तुटली नाही. फुकट वाटलेली तिकिटंही त्यात धरतात, अशी कुजबुज होती. ती ऐकून मामांना आठवडाभर बरं वाटलं.

मामांच्या सिद्धांताला खरा पुरावा मिळाला तो फ्लोरिडात, त्यांच्या साडूंकडे. मियामीच्या मार्लिन्सनी 1997 ला विजेतेपद मिळवलं आणि मालकाने लगेच टीमच फुंकून टाकली. पुढच्या मोसमात 108 सामने हरले. पुन्हा 2017-18 च्या हिवाळ्यात नव्या मालकांनी जियानकार्लो स्टँटनला यांकीजकडे धाडलं, जो नुकताच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ओझुनाला पाठवलं, येलिचला पाठवलं. आणि येलिच पुढच्याच वर्षी मिलवॉकीकडून सर्वोत्तम ठरला. त्या 2018 साली मियामीच्या सबंध मोसमात आठ लाख अकरा हजार तिकिटं गेली. साडूंनी ना घोषणा केली ना वही उघडली. त्यांनी फक्त जाणं बंद केलं आणि शनिवारी समुद्रावर फिरायला जाऊ लागले. मामा त्यांना "निष्ठा नसलेला माणूस" म्हणतात. मला तर वाटतं, खरा बहिष्कार साडूंनी टाकला. एखादा लाडका गेला म्हणून लोक उठत नाहीत. मालकाने जिंकायचा विचारच सोडलाय असं दिसलं की उठतात, आणि तेव्हा आवाज होत नाही. 1977 च्या जूनमध्ये न्यूयॉर्क मेट्सनी टॉम सीव्हरला सिनसिनाटीला पाठवलं, टीम रसातळाला गेली आणि रिकाम्या शे स्टेडियमला लोक, सौदा करणाऱ्या अध्यक्षाच्या नावावरून, 'ग्रँटची कबर' म्हणू लागले. बॉस्टनवाले मात्र मामांच्या जातीचे. लग्नात रुसलेला जावई जेवणार नाही म्हणून ओट्यावर जाऊन बसतो आणि पंगत कुठवर आली ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहतो, तसा हा राग.

पण 2020 चा संन्यास खरा होता, एवढं मी कबूल करतो. मूकी बेट्स. 2018 ला त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षीचा विजेता, उंचीने मामांएवढाच असावा म्हणून मामांना विशेष जवळचा. कराराचं एकच वर्ष उरलं होतं, मोठी रक्कम द्यावी लागणार होती आणि पगारखर्चावरचा कर टीमला टाळायचा होता. म्हणून फेब्रुवारीत त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सना दिलं. सोबत डेव्हिड प्राइस. त्या दिवशी मामांनी चष्मा पुसला नाही. आमटीही घेतली नाही. "ह्यांना परवडत नाही?" एवढंच म्हणाले. "चाळीस डॉलर पार्किंगला घेतात आणि ह्यांना परवडत नाही?" मामा ट्रेनने जातात, पण ते मी तेव्हा बोललो नाही.

"यंदा फेनवेची पायरी चढणार नाही," अशी शपथ झाली. आणि मार्चमध्ये कोविड आला. मोसम साठ सामन्यांचा झाला आणि कुठेच प्रेक्षकांना प्रवेश नाही. सबंध फेनवे रिकामं, लाउडस्पीकरवरून गर्दीचा खोटा आवाज. आयुष्यात एकदा मामांचा बहिष्कार शंभर टक्के यशस्वी झाला आणि त्याचं श्रेय त्यांना घेता येईना. वहीत ते रोज शून्य लिहीत होते. बॉस्टन गटात शेवटचं आलं. मूकीने डॉजर्सशी बारा वर्षांचा, साडेछत्तीस कोटी डॉलरचा करार केला आणि त्यांना विजेतेपदही मिळवून दिलं. शेवटच्या सामन्यात त्याने होमरन मारला तेव्हा मामा खालच्या खोलीत, आवाज बंद करून बघत होते. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स, म्हणजे 2004 ला यांकीजविरुद्ध तो अजरामर बेस चोरून बॉस्टनला वाचवणारा आपलाच माणूस. "चोर तो चोरच," मामा म्हणाले, पण कौतुकाने.

मग 2021 चा एप्रिल. फेनवे उघडलं, पण क्षमतेच्या फक्त बारा टक्के प्रेक्षकांना, म्हणजे साडेचार हजार लोकांना. पायरी न चढण्याची शपथ घेतलेल्या मामांनी त्या साडेचार हजारांत नंबर लागावा म्हणून चार ओळखीच्या लोकांना फोन केले. "शपथ गेल्या वर्षीची होती," म्हणाले.

मूकी फेनवेवर परत खेळायला आला तो 25 ऑगस्ट 2023 ला, डॉजर्सचा पहिलाच फलंदाज म्हणून. सगळं मैदान उभं राहिलं. मामाही उभे राहिले, खांबाला हात धरून, आणि चष्म्याखालून बोट फिरवलं. टाळ्या थांबल्या मात्र, मामा गरजले, "आता आउट हो!" दोन्ही भावना तितक्याच खऱ्या होत्या.

2024 च्या आयपीएलला गंमत झाली. गुजरातकडून मुंबई इंडियन्सने हार्दिक पांड्याला ट्रेडमध्ये परत आणलं होतं, रोहितला काढून त्याला कप्तान केलं होतं आणि वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. काही दिवसांनी मामांचा मुंबईला फोन गेला. पलीकडे माझा भाऊ होता, जो त्या सामन्याला वानखेडेवर घसा बसेपर्यंत ओरडून आलेला. मामांनी त्याला अर्धा तास झापलं. "तिकीट काढून कसली हुर्यो करता? राग आलाय ना, मग घरी बसा! निषेध कसा करावा हे शिका जरा!" मामी मागून म्हणाली, "अहो, तुमची सात चाळीसची गाडी जाईल." मामा फोन कानाला लावूनच फेनवेला निघाले.

गेल्या वर्षीचा म्हणजे 2025 चा प्रसंग ताजा आहे. 15 जून, फादर्स डे. लेकीने मामांना राफाएल डेव्हर्सचा अकरा नंबरचा शर्ट आणला. 2023 मध्ये टीमने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला होता, म्हणून लेकीने विचार करून निवडला; ह्याला तरी कुठे जायचं नाही. दुपारी बॉस्टनने यांकीजना सलग तिसऱ्यांदा हरवलं, डेव्हर्सनेही होमरन मारला. मामा नवा शर्ट घालून घरभर फिरले. संध्याकाळी बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. शर्टाची घडी नुकतीच मोडली होती, तोवर ट्रंक उघडली गेली. सीव्हर गेला तोही 15 जूनलाच, हे मामांनी त्याही अवस्थेत आम्हाला सांगितलं. आठवड्याच्या आत बॉस्टन सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला गेलं आणि डेव्हर्सने आपल्याच जुन्या टीमला होमरन ठोकला. मामा सवयीने "गेला!" म्हणून उठले, मग कोणाविरुद्ध ते आठवून खाली बसले.

जुलैत टीमने सलग दहा सामने जिंकले. वेळापत्रक मिक्सरच्या मागून फ्रिजवर आलं. ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये यांकीजनी हरवलं तेव्हा मामा खेळाडूंवर नव्हे, मालकावर चिडले. डेव्हर्स असता तर, वगैरे. आता शर्ट घेताना ते नाव नसलेलाच घेतात. फेनवेवरच्या घरच्या पांढऱ्या शर्टावर पाठीला नाव नसतंच, नुसता आकडा असतो, आणि ही मालकांची दूरदृष्टी आहे असं त्यांचं ताजं मत आहे.

तुमची बॉस्टनला फेरी असेल आणि मामांनी नुकताच बेसबॉल सोडल्याचं कानावर आलं, तर त्यांच्या वाटची तिकिटं मिळतील अशा आशेने फोन करू नका. 2004 च्या त्या शेजाऱ्यापासून मामा संन्यासातही तिकिटं कोणाला देत नाहीत.